कोकण किनाऱ्याची सायकल सफर: कमी खर्चात जाताना या चुका टाळा

रेवदंड्यापासून तेरेखोलपर्यंतचा किनारा मी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या तुकड्यांत आणि दोनदा सलग असा सायकलवरून पार केला आहे. दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की नव्याने जाऊ इच्छिणाऱ्यांचे फोन येऊ लागतात आणि परत आल्यावर तेच लोक जी गाऱ्हाणी सांगतात, ती बहुतेक वेळा आदल्या वर्षीच्यांचीच असतात. गुडघा दुखला, मागच्या चाकाला आउट आला म्हणजे ते वाकडे फिरू लागले, फेरीबोट चुकली, ठरवलेल्या पैशांच्या दुप्पट खर्च झाला. या अडचणी दैवाने येत नाहीत. त्या घरी बसून आखणी करतानाच तयार झालेल्या असतात. म्हणून मला सतत दिसणाऱ्या चुका येथे लिहून काढत आहे. त्यांतल्या दोन चुकांवर मी अधिक लिहिले आहे, कारण त्यांच्यामुळे सफर अर्धवट सोडून परतलेली माणसे मी पाहिली आहेत.

किलोमीटर मोजणे आणि चढ विसरणे

देशावर रोज शंभर किलोमीटर सायकल चालवणारा माणूस किनाऱ्याच्या रस्त्याकडे पाहतो तेव्हा त्याला वाटते की समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता सपाटच असणार. प्रत्यक्षात तो रस्ता खाडीच्या काठाला समुद्रसपाटीवर उतरतो, पलीकडे जांभ्या दगडाच्या सड्यावर शंभर-दीडशे मीटर चढतो, सड्यावर थोडा वेळ उन्हात चालतो आणि पुढच्या खाडीसाठी किंवा पुळणीसाठी पुन्हा खाली उतरतो. घाट एकदा चढला की संपतो, पण येथे लहान लहान घाट दिवसभर संपत नाहीत. सामान लादलेली सायकल अशा चढावर ताशी पाच-सहा किलोमीटरांनी सरकते आणि काही ठिकाणी उतरून ढकलावी लागते.

पहिल्या सफरीत आम्ही तिघांनी हरिहरेश्वरहून निघून एकाच दिवसात गुहागर गाठण्याचे ठरवले होते. नकाशात अंतर 105 किलोमीटर दिसत होते आणि पुण्याहून सातारा एका दिवसात केलेल्या आम्हाला ते सहज वाटले. बागमांडल्याची सकाळची बोट घेऊन आम्ही सावित्रीच्या खाडीपलीकडे वेश्वीला उतरलो, बाणकोटचा चढ चढलो, वेळासला नाश्ता केला आणि तेथेच अर्धा तास जास्त बसलो. केळशी, आंजर्ले, हर्णै या गावांची नावे एकामागून एक मागे पडत होती, पण प्रत्येक दोन गावांच्या मध्ये एक चढ होता आणि दुपारी दोन वाजता आम्ही अजून हर्णैतच होतो. लाडघरच्या पुढे पाणी संपले, एका सोबत्याच्या मांडीत गोळा आला आणि त्याच्यासाठी थांबत थांबत दाभोळच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. शेवटची बोट निघून गेली होती. पलीकडे धोपाव्याचे दिवे दिसत होते. बोटीने काही मिनिटांचे ते अंतर रस्त्याने जायचे तर दापोली, खेड आणि चिपळूण असा वाशिष्ठीला वळसा घालून शंभर किलोमीटरांहून अधिक चालावे लागते.

धक्क्याजवळच्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला त्यांच्या पडवीत झोपायला जागा दिली आणि भात व कुळथाची पिठी वाढली. जेवताना त्यांनी विचारले, "आज किती खाड्या केल्यात?" त्यांनी किलोमीटर विचारले नाहीत. त्या रात्री मला कळले की त्या भागातली माणसे अंतर कसे मोजतात आणि त्यानंतर मीही तसेच मोजू लागलो.

माझी आजची पद्धत अशी आहे. नकाशातल्या अंतरात दर 100 मीटर चढामागे 3 किलोमीटर मिळवतो. वर सांगितलेल्या दिवसाचा एकूण चढ नंतर मोजून पाहिला तेव्हा सुमारे 1,600 मीटर निघाला, म्हणजे तो दिवस 105 किलोमीटरांचा नव्हता, तर 150 किलोमीटरांहून मोठा होता. हा काही शास्त्रीय हिशोब नाही, पण त्याने मला आजवर फसवलेले नाही. नव्या माणसाला मी दिवसाला 55 ते 60 किलोमीटर आणि शक्यतो एकच बोटीची खाडी असे सांगतो. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड आणि शेवटी तेरेखोल ते केरी, या बोटी हंगामानुसार वेळा बदलतात. म्हणून आदल्या संध्याकाळी, ज्या घरी उतरलो असू तेथल्याच माणसांना पुढच्या जंगलजेटीची, म्हणजे वाहने नेणाऱ्या फेरीबोटीची, वेळ विचारावी आणि बोट दुपारच्या आत गाठता येईल असाच मुक्काम निवडावा. लोक मला सांगतात की इतक्या सावकाश गेले तर रजा पुरत नाही. त्यावर माझे उत्तर एकच आहे: मग अर्धाच किनारा करावा. रेवदंडा ते गुहागर हा पाच दिवसांचा प्रवास नीट झाला, तर तो दहा दिवसांत उरकलेल्या संपूर्ण किनाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला असतो.

चढांवरून आठवले म्हणून गिअरचेही सांगतो. पुढे 28 दात्यांची लहान चकती आणि मागे 34 दात्यांचे मोठे चक्र, एवढे असले की सामान घेऊन बहुतेक चढ बसूनच चढता येतात. अनेक साध्या गिअरच्या सायकलींना मागे 28 दात्यांपर्यंतचेच फ्रीव्हील (मागच्या दात्यांच्या चक्रांचा संच) असते. ते बदलून 34 दात्यांचे बसवण्याचा खर्च किरकोळ आहे आणि नवी सायकल घेण्यापेक्षा तो किती तरी शहाणपणाचा आहे. बदलताना चेनची लांबी आणि मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) त्याला पुरतो का, हे मात्र दुकानदाराकडून तपासून घ्यावे.

पैसे वाचवण्यासाठी कमकुवत कॅरिअर आणि त्यावर जड सामान

कमी खर्चाची सफर म्हणजे स्वस्तातल्या वस्तूंची सफर, असा समज करून घेऊन लोक नेमक्या त्याच वस्तूवर काटकसर करतात जिच्यावर सगळे ओझे असते. जर्सी, चष्मा, मोबाइलचा स्टँड यांवर पैसे जातात आणि मागचे कॅरिअर व मागचे चाक यांच्यासाठी काही उरत नाही.

एका सफरीत आमच्याबरोबर एक तरुण सोबती आला होता. उत्साही, तब्येतीने उत्तम आणि थोडा घाईचा. त्याने सीटच्या दांड्याला पकडून बसणारे अॅल्युमिनियमचे कॅरिअर लावले होते. असे कॅरिअर साधारण नऊ-दहा किलो वजनासाठीच बनवलेले असते आणि तसे त्यावर लिहिलेलेही असते. त्याच्यावर तंबू, कपडे आणि भांडी मिळून चौदा किलोंचे गाठोडे होते. निघण्यापूर्वी मी दोनदा सुचवले, पण त्याचे म्हणणे असे की घरापासून टेकडीपर्यंत जाऊन आलो आहे, काही झाले नाही. हेदवीच्या पुढे तवसाळकडे उतरताना एका खड्ड्यात कॅरिअरची पकड फिरली, गाठोडे बाजूला कलंडले आणि त्याचा पट्टा मागच्या चाकात गुंतला. तो स्वतः पडला नाही, हे आमचे भाग्य. चाकाचे उजवीकडचे दोन स्पोक तुटले आणि कॅरिअरचा कणा मोडला.

जवळच्या गावात एक फॅब्रिकेशनचे काम करणारे कारागीर होते. त्यांनी कॅरिअर हातात घेतले आणि हे आपल्याकडे जोडता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. लोखंड कोणत्याही गावात जोडून मिळते, पण अॅल्युमिनियमला वेगळ्या प्रकारचे वेल्डिंग लागते आणि त्याची सोय लहान गावात नसते. शेवटी त्यांनीच लोखंडी सळई वाकवून संध्याकाळपर्यंत एक साधे कॅरिअर तयार करून दिले. ते कॅरिअर त्या सायकलला आजही आहे.

चाकाची गोष्ट मात्र तेथे सुटली नाही. माझ्याकडे योग्य लांबीचे स्पोक होते, परंतु तुटलेले स्पोक उजवीकडचे, म्हणजे फ्रीव्हीलच्या आड येणारे होते आणि फ्रीव्हील खोलायचे हत्यार आम्ही कोणीच घेतलेले नव्हते. ते काढल्याशिवाय तेथला स्पोक भोकात ओवता येत नाही. मी शेजारचे उजवे स्पोक पाव-पाव फेरा आवळून आणि समोरचे डावे तितकेच सैल करून आउट कमी केला, मागचा ब्रेक उघडा ठेवला आणि सायकल फक्त ढकलण्यापुरती चालती केली. पुढे जयगडहून टेम्पोने रत्नागिरी, तेथे एक दिवस मुक्काम, चाक बांधून घेणे, असे करत त्याचे तीन हजारांहून अधिक रुपये आणि दोन दिवस गेले. चांगल्या कॅरिअरमध्ये त्याने नऊशे रुपये वाचवले होते.

या प्रसंगानंतर मी काही गोष्टी कटाक्षाने पाळतो. कॅरिअर लोखंडी आणि मागच्या आसाजवळ फ्रेमला स्क्रूने बसणारेच घेतो. त्याचे स्क्रू रोज सकाळी हाताने तपासतो आणि त्याच मापाचे चार स्क्रू जवळ ठेवतो, कारण खडबडीत रस्त्यावर ते नकळत सैल होतात. मागचे चाक 36 स्पोकचे घेतो आणि निघण्याच्या आठवडाभर आधी जाणत्या कारागिराकडून सगळे स्पोक सारखे ताणून घेतो. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या स्पोकची लांबी वेगळी असू शकते, म्हणून प्रत्येक बाजूचे तीन-तीन स्पोक मोजून घेऊन फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवतो. स्पोकची चावी आणि फ्रीव्हील किंवा कॅसेट खोलायचे लहान हत्यार सोबत असते. ते फिरवायला मोठा पाना लागतो, पण तो कोणत्याही मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये मिळतो.

सामानाचे म्हणाल तर पाणी सोडून आठ किलोंच्या वर मी जात नाही. तंबू आणि स्टोव्ह कोकणात बहुतेकांनी नेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. गावागावांत घरगुती राहण्याची सोय आहे आणि तंबू वाहून वाचणारे पैसे त्या ओझ्यामुळे वाढणाऱ्या दिवसांत खर्च होतात. शिवाय वेळास, आंजर्ले आणि इतरही किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. तेथे रात्री पुळणीवर तंबू ठोकणे आणि विजेऱ्या फिरवणे त्यांना थेट बाधक ठरते.

सराव न करता निघणे

रिकाम्या सायकलवर केलेला शंभर किलोमीटरांचा सराव हा सामान घेतलेल्या सायकलचा सराव होत नाही, कारण तिचा तोल, वळण आणि ब्रेक लागण्याचे अंतर सगळेच बदलते. सगळे सामान बांधून एक रात्र मुक्कामाची फेरी करावी. पुणेकरांना जुना कात्रज घाट चढून भोरला जाणे आणि दुसऱ्या दिवशी परतणे पुरेसे आहे. दुसऱ्या दिवशीची सकाळ सगळे सांगते. जे दुखायचे ते तेव्हा दुखते आणि जे सैल व्हायचे ते तेव्हा वाजू लागते. हे करायला वेळ नाही असे सांगणाऱ्याला दहा दिवसांच्या सफरीला वेळ कसा मिळतो, ते मला कधीच समजलेले नाही.

गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे आणि मागच्या बाजूने दुखत असेल तर वर आहे. टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला नेले असता पाय जेमतेम सरळ व्हावा, ही सुरुवात धरावी आणि मग तीन-चार मिलिमीटरांनीच बदल करावा. मऊ जेलचे जाड कव्हर घेऊ नये. ते पहिल्या तासात सुखद वाटते आणि तिसऱ्या दिवशी कातडी सोलते.

टायर, ट्यूब आणि गावातले दुकान

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. टायरवर छापलेल्या इंचांवर विसंबून राहू नये. त्याच्या शेजारी असलेला मिलिमीटरचा आकडा पाहावा. 26 इंची माउंटन सायकलच्या टायरचा हा आकडा 559 असतो, 27.5 इंची टायरचा 584 आणि 700सी टायरचा 622. गावातल्या जुन्या दुकानात काळ्या सायकलींचा 28 इंची टायर मिळतो, पण त्याचा आकडा 635 असल्याने तो 622 च्या रिमवर सैल बसतो आणि निसटतो. त्याच मापाची ट्यूब मात्र अडीअडचणीला रुंद 700सी टायरमध्ये चालून जाते. तीसुद्धा तुमच्या रिमचे भोक मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हचे असेल तरच, कारण बारीक प्रेस्टा वॉल्व्हच्या भोकातून ती आत जात नाही. प्रेस्टा असणाऱ्यांनी गावातल्या पंपासाठी लहान पितळी अडॅप्टर जवळ ठेवावा. किनाऱ्याच्या गावांत 26 इंची ट्यूब सर्वांत सहज मिळते आणि म्हणून जुनी, धडधाकट 26 इंची सायकल असलेल्या माणसाला मी नवी घेऊ देत नाही.

पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट सावकाश फिरवल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये. ट्रकच्या फाटक्या टायरांतून पडलेल्या बारीक तारा डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांच्यामुळे एकाच जागी तीन-तीन पंक्चर होतात. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की लवकर वाळते, म्हणून एक न उघडलेली असावीच.

ओल्या पुळणीवरून सायकल चालवण्याचा मोह सगळ्यांना होतो. खारे पाणी आणि वाळू चेनमध्ये, हबमध्ये आणि ब्रेकमध्ये शिरते, आणि दोन दिवसांत छर्रे करकरू लागतात. फोटोसाठी सायकल उचलून न्यावी. चालवलीच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी, पुसावी आणि चेनला तेल द्यावे. खोबरेल तेल देऊ नये. थंडीच्या पहाटे ते गोठते आणि चिकटून वाळू धरते.

उतारावरचे ब्रेक

सड्यावरून खाडीकडे जाणारे उतार लहान पण तीव्र असतात, वळणावर लाल माती आलेली असते आणि गुरे रस्त्यातच बसलेली असतात. ब्रेक सतत धरून ठेवू नये. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, पण थोडा वेळ लावावेत आणि मग सोडावेत. ब्रेकच्या रबरांची एक जोडी जवळ असावी. अंधारात चालवू नये, हेल्मेट काढू नये आणि अंतर कमी आहे म्हणून मुंबई-गोवा महामार्गाला लागू नये.

फोनवरच्या नकाशाने सुचवलेला जवळचा रस्ता घेण्यापूर्वी एका माणसाला तरी विचारावे. चार किलोमीटर वाचवणारी वाट बहुधा आंबा-काजूच्या बागेतून जाणारी कच्ची पाखाडी निघते आणि सामानासकट सायकल पायऱ्यांवरून उचलावी लागते. मला शॉर्टकट आवडत नाहीत आणि सायकलवाल्याला तर त्यांची गरजही नसते.

ऊन, पाणी आणि वारा

ऑक्टोबरात जाऊ नये. पाऊस संपलेला असतो, हिरवळ मोहात पाडते, पण दमट उकाड्यात चढ चढताना अंगातले मीठ भराभर निघून जाते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ योग्य आहे आणि तेव्हाही केवळ पाणी पिऊन भागत नाही. दुकानातले ओआरएस मिळाले नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ यापेक्षा जास्त घालू नये. ताक जेथे मिळेल तेथे घ्यावे.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे, असाही माझा आग्रह असतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते येथे पाठीवर जाणवतात. हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येकडून असतो आणि गोव्याकडे जाणाऱ्याला तो थोडा ढकलतो. उलट दिशेने येणारे मित्र दुपारी तोच वारा तोंडावर घेऊन येतात.

पैसे नेमके कोठे जातात

शनिवारी दिवेआगर, गणपतीपुळे किंवा तारकर्लीला मुक्काम करणे आणि नाताळच्या आठवड्यात निघणे, या दोन गोष्टींनी सगळा हिशोब कोलमडतो. त्याच खोलीचा मंगळवारचा भाव निम्मा असतो आणि घरच्या माणसांना तुमच्याशी बोलायला वेळही असतो. सफर रविवारी सुरू करावी आणि शनिवार-रविवार लहान, पर्यटक न थांबणाऱ्या गावात येईल असे पाहावे.

जेवणाचे आधी कळवावे लागते, हे शहरातल्या माणसांना माहीत नसते. घरगुती खानावळीत ताट तयार ठेवलेले नसते. सकाळी फोन करून किती माणसे आहेत ते सांगितले तर दुपारी गरम भाकरी, उसळ, आमटी-भात मिळतो आणि न सांगता गेले तर महाग हॉटेल शोधत भर उन्हात दहा किलोमीटर जावे लागते. काही गावांत मोबाइलची रेंज जाते आणि पैसे फोनवरून देता येत नाहीत, म्हणून दोन दिवस पुरेल इतकी सुटी रोकड वेगळ्या पिशवीत असावी.

परतीचा विचार शेवटच्या दिवशी करणे

कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आत आहे आणि सगळ्या स्थानकांवर, सगळ्या गाड्यांत सायकल चढवता येत नाही. मडगाव, थिवी किंवा सावंतवाडी यांपैकी ज्या स्थानकावरून परतायचे असेल तेथे पार्सलच्या खिडकीवर आदल्या दिवशी जाऊन चौकशी करावी, ऐनवेळी काही होत नाही. सायकलवर नाव, फोन आणि दोन्ही स्थानके लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी बांधावा, मागच्या डिरेलरला जुनी गोणी गुंडाळावी आणि सुटे सामान काढून स्वतःजवळ ठेवावे.

पॅडल काढून हँडल आडवे केले की सायकल थोडक्या जागेत मावते. पण निघण्यापूर्वी घरीच दोन्ही पॅडल एकदा काढून, आट्यांना ग्रीस लावून पुन्हा बसवलेले असावेत, नाहीतर खाऱ्या हवेने जाम झालेले पॅडल फलाटावर निघत नाही. त्यासाठी 15 मिलिमीटरचा पातळ पाना लागतो. उजवे पॅडल नेहमीसारखे घड्याळाच्या उलट दिशेने सुटते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असल्याने ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. हे माहीत नसल्यामुळे लोक ते सोडवण्याऐवजी आणखी आवळत बसतात आणि गाडी येते.